सहा डबे

"कलम सांगा."

कुठलाही सरकारी कागद आला की आमचे शेजारी तेलवाले काका खिळ्याला टांगलेल्या फडक्याने आधी दोन्ही हात पुसायचे, कागदाची पानं मोजायचे आणि आणणाऱ्याला एवढंच म्हणायचे.

टेंभुर्णीत माझ्या घराच्या भिंतीला लागून त्यांचा करडईचा तेलघाणा होता. मी सकाळच्या शाळेत गणित शिकवतो. दुपारी मोटारीच्या आवाजाने डोळा लागत नाही, तासभर बंद ठेवा, असं एकदा सांगायला गेलो.

"कोणत्या कलमाखाली, सर?"

ते हसले. दुसऱ्या दिवसापासून एक ते दोन मोटार बंद असायची. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. हक्क म्हणून मागाल तर अडवणारा, गरज म्हणून सांगाल तर लगेच ऐकणारा.

काकू गेल्यावर ते घाण्यामागच्या खोलीत एकटेच राहत. मुलगी पुण्याला, रविवारी तिचा फोन. बाकी सगळं बोलणं गिऱ्हाइकांशी.

एका दुपारी एका खात्याची जीप आली. लहान घाण्याला नुसती नोंदणी पुरते, मोठ्याला परवाना लागतो. काकांकडे नोंदणी होती. साहेब परवाना मागत होते. पंच म्हणून मला आणि समोरच्या पानवाल्याला बोलावलं. मोजायची सवय असल्याने आत शिरताच भरलेले डबे मी मोजले. सहा. साहेबांनी कोरा कागद पुढे केला.

"सर, इथं सही करा. मजकूर ऑफिसात भरतो."

पायऱ्या न दाखवता उत्तर लिहिलं तर मुलांचे गुण कापणारा मी. मी सही केली. काका बघत होते. घाण्याच्या दाराला कुलूप लागलं, कुलपावर कापड आणि कापडावर लाखेचं सील.

पंधरा दिवसांनी पंचनाम्याची नक्कल आली. डबे सोळा. म्हणजे घाणा मोठा, म्हणजे परवाना हवा, म्हणजे सील बरोबर.

"सही झकास आली सर तुमची," काका म्हणाले. मग नकलेची घडी घालत, "वाचून केली असती तर अजून झकास आली असती."

आमचा जिल्हा ज्याच्याखाली येतो त्या संभाजीनगरच्या खंडपीठात ते गेले. त्यांचे वकील मला म्हणाले, पंचाचं शपथपत्र मिळालं तर बरं होईल. काकांनी मात्र एकदाही मागितलं नाही. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, पगार सरकारचा, सरकारविरुद्ध कशाला लिहून देता? मी अकरा महिने घालवले.

त्या अकरा महिन्यांत काका सीलबंद दारासमोर बाजेवर बसून असत. गिऱ्हाइकं आधी थांबून चौकशी करायची, मग चालता चालता हात करायची, मग पिशवीतलं तेल घेऊन खाली मान घालून जायची. दुपारी एक वाजता सगळं शांत असे आणि मला झोप लागत नसे.

"जेवलात का, काका?"

"जेवलो. मोटारीचा आवाज न्हाई तर घास उतरत न्हाई, सर. पण जेवलो."

शेवटी मी शपथपत्र दिलं: कागद कोरा होता, डबे सहा होते. मुख्याध्यापक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले. एवढंच झालं. एवढ्यासाठी अकरा महिने.

काका जिंकले. नोटीस न देता, म्हणणं न ऐकता सील लावण्याचा अधिकार खात्याला नव्हता. खात्याने ते काढावं, असा निकाल. काकांनी माझ्यासमोर पानं मोजली. नऊ.

"थांबा, हातोडी आणतो," मी म्हणालो.

"न्हाई सर. आपण तोडलं तर आपणच गुन्हेगार. लावलं त्यांनी, काढतील बी तेच. बराबर पंचनामा करून. पंच तुम्ही. या टायमाला वाचून."

त्यांनी तीन पत्रं पाठवली. एकच उत्तर आलं: साहेबांची बदली झाली आहे, नवीन साहेब रुजू झाल्यावर कळवू. काका रोज सकाळी घाण्याची पायरी झाडायचे. सील काढायला येणाऱ्यांसाठी बाजेखाली पाण्याचा तांब्या भरून ठेवायचे.

मार्गशीर्षात एका सकाळी पायरी झाडलेली नव्हती. खोलीचं दार ढकलून मीच आत गेलो. काका झोपेतच गेले होते. मुलगी संध्याकाळी पोचली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी जीप आली. नवीन साहेब भला माणूस होता. त्याने सील काढलं. आत खवट वास होता. फडकं खिळ्यालाच होतं. मी त्याला हात पुसले आणि डबे मोजले.

"सर, इथं सही करा, मी नंतर भरून..."

"आधी भरा."

तो पायरीवर बसून लिहू लागला. मी शेजारी उभा राहून प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून घेतली. डबे सहा. सील शाबूत. खाली हजर असलेल्यांची यादी होती. घाणामालक या शब्दापुढे त्याने 'गैरहजर' असं लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी ती ओळ दोनदा वाचली. नोंद बरोबर होती. मी सही केली.