माझी सासू गेनेरिस आणि ग्रोनूची उडी

आमच्या टैवी नदीच्या काठी कुणाचंही लग्न असो, जेवणं उरकली की भाट हार्प मांडीवर घेतो आणि ग्रोनूच्या उडीचं गाणं सुरू करतो. ग्रोनूनं म्हणे हरणाचं रूप घेतलं, गढीच्या तटावरून झेप टाकली आणि तो थेट नदीच्या पलीकडे उतरला. तिथल्या खडकावर त्याच्या खुरांचे ठसे आहेत म्हणतात. माझी सासू गेनेरिस होती तोवर ती पुढच्या बाकावर बसून सगळ्यांत मोठ्यानं वाहवा करायची. आता ती नाही, ग्रोनू नाही आणि त्या दिवशी तिच्याबरोबर गढीत गेलेल्या आम्हा सहा पुरुषांपैकी मी एकटाच उरलोय. तेव्हा खरं काय झालं ते सांगून टाकतो.

गेनेरिसचा नवरा ऐन तिशीत नदीत बुडाला. मागे एक मुलगी, एक गाय आणि एक होडी राहिली. आमच्या होड्या म्हणजे वाळुंजाच्या फांद्यांच्या मोठाल्या टोपल्याच, बाहेरून बैलाचं कातडं ताणलेलं आणि त्यावर डांबर. एका होडीत एकच माणूस मावतो. काम झालं की ती पाठीवर उलटी घ्यायची आणि चालू लागायचं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, कासवच दोन पायांवर निघालंय. बायका नदीत उतरत नाहीत असा गावचा रिवाज होता. नवऱ्याचा दुखवटा पाळत न बसता गेनेरिसनं तिसऱ्या दिवशी होडी पाठीवर घेतली. म्हातारे कुरकुरले तेव्हा ती म्हणाली, "माशाला कुठं ठाऊक, जाळं बाईनं टाकलंय की बाप्यानं!" पहिल्याच आठवड्यात तिनं त्या म्हाताऱ्यांपेक्षा जास्त सॅमन पकडले, मग कुरकुर आपोआप थांबली.

तिची मुलगी हुनिद माझी बायको. लग्नाआधी सासूबाईंनी मला एका होडीत बसवून, आपल्या होडीनं ओढत नदीच्या मधोमध नेऊन सोडलं आणि वल्हं काढून घेतलं. "या आता हातानं पाणी मारत," म्हणाल्या. मी आलो. अर्धा दिवस लागला, पण आलो.

आता ग्रोनूचं. तो पलीकडच्या खोऱ्यातला साधा गुराखी. गढीचा धनी वॉरिन समुद्रापलीकडून आलेला. त्यानं आमचं डोंगरावरचं कुरण शिकारीसाठी कुंपण घालून बंद केलं. आमची गुरं आत गेली की कोंडवाड्यात. ग्रोनूनं एका सकाळी कुंपण तोडलं आणि गावची सगळी गुरं वाजतगाजत आत नेली. तेव्हापासून तो परागंदा. वॉरिननं दवंडी पिटली: ग्रोनूला कुणी भाकर द्यायची नाही, आसरा द्यायचा नाही, दिसेल त्यानं मारावा. तीन वर्षं तो प्रेसेलीच्या डोंगरात राहिला. धन्याची हरणं मारायचा आणि ज्याच्या घरी चूल थंड त्याच्या दारात मांस टांगून जायचा. गेनेरिसची गाय कोंडवाड्यात पडली होती. ती एका सकाळी दारात उभी दिसली, शिंगांना रानफुलांची माळ घातलेली. ते काम कुणाचं, हे विचारायची गरज नव्हती.

आणि असा हा माणूस पकडला गेला कशामुळे? भाचीच्या बारशाला आला म्हणून. चर्चमधून बाहेर पडताना बाळ हातात होतं, ते खाली टाकून पळणं त्याला जमलं नाही.

तो उपासाचा काळ होता, ईस्टरला आठवडा राहिलेला. पवित्र आठवड्यात फाशी देत नाहीत, म्हणून ईस्टरनंतरचा मंगळवार ठरला. वॉरिनला शंका होती की ग्रोनूचे सोबती नदीवाटे येऊन त्याला सोडवतील. त्यानं हुकूम काढला: गावातल्या सातही होड्या गुरुवारी गढीत आणून द्यायच्या, त्या जाळल्या जातील.

बुधवारी संध्याकाळी गेनेरिसनं आम्हाला घरी बोलावलं. ती कांद्याच्या जातीच्या लीकच्या पाती चिरत होती. आम्ही सहाजण भिंतीला टेकून बसलो, चेहरे मयताला आल्यासारखे.

"होड्या द्यायच्या," ती म्हणाली, "आणि परत घेऊन यायच्या. एकीत ग्रोनू घालून."

मीच म्हणालो, "आई, गढीत तीस शिपाई आहेत."

"तीस शिपाई, आणि एक आचारी," ती म्हणाली. "सोमवारपासून गढीत मासा गेलाय का कुणाचा?"

नव्हता गेला. ती तीन दिवस ज्याला त्याला 'गढीत मासा देऊ नका' असं सांगत फिरली होती, ते आम्हाला तेव्हा कळलं.

"परवा उत्तम शुक्रवार, येशूच्या मरणाचा दिवस. धन्याचा सासरा आलाय, त्याच्याबरोबर दोन पाद्री आलेत. मांस चालत नाही. आचाऱ्यानं काय वाढायचं, ते त्याचं त्याला सुचेल. जावईबापू, तुमचे पाय कापतायत की माझी जमीन हलतेय?"

"पायच कापतायत, आई."

"कापू देत. फक्त पुढं टाकत राहा."

गुरुवारी सकाळी आम्ही सातजण होड्या पाठीवर घेऊन चढ चढलो. होडीखाली गेलं की डोकं, पाठ सगळं झाकलं जातं, बाहेरून फक्त गुडघ्याखालचं दिसतं. दारावरच्या शिपायानं होड्या मोजल्या. बारा उघडे पाय आणि एक झगा बघून तो हसला. "ही बाई पण?" मोडक्यातोडक्या बोलीत त्यानं विचारलं. "बाईची होडी, बाईनंच आणायची," होडीतून आवाज आला.

होड्या स्वयंपाकघराशेजारी लाकडांच्या खोपीपाशी रचायला लावल्या. तळघरात पुराचं पाणी शिरलं होतं म्हणून ग्रोनूला त्याच खोपीत खांबाला बांधून ठेवलं होतं. ही गोष्ट गढीत ताक घालणाऱ्या बायकांकडून गावात सगळ्यांना कळली होती. दाराशी ड्रोगो नावाचा म्हातारा शिपाई भाल्यावर रेलून उभा होता.

तेवढ्यात आचारी ऑस्बर्न बाहेर आला. गोलमटोल माणूस, हातात डाव. गेनेरिस त्याला ऐकू जाईल अशा बेतानं आम्हाला म्हणाली, "चांगल्या जळतील हो होड्या. उद्या पाहुण्यांना राख वाढतील बहुतेक, मीठ टाकून."

ऑस्बर्नला आमची बोली बऱ्यापैकी समजायची. तो होड्यांकडे बघत राहिला, मग गेनेरिसकडे, आणि मग धन्याच्या दालनाकडे जो धावला! थोड्या वेळानं वॉरिन स्वतः अंगणात आला. दोघांची त्यांच्या भाषेत जुंपली. आम्हाला शब्द कळत नव्हते, पण आचाऱ्याचं आणि मालकाचं भांडण कुठल्याही भाषेत कळतं. ऑस्बर्ननं डाव जमिनीवर आपटला. कमरेचं फडकं सोडून धन्यापुढं धरलं, म्हणजे 'घ्या, तुम्हीच रांधा.' सगळे शिपाई मजा बघायला जमले.

गेनेरिस पोट धरून ड्रोगोसमोर गेली.

"मला आत जायचंय."

"आत नाही जायचा. आत चोर हाय."

"चोराला बांधलंय ना? मग त्याला डोळे मिटायला सांग. सकाळपासून अडलेय मी. इथंच बसू का, तुझ्या बुटावर?"

ड्रोगो कानापर्यंत लाल झाला. त्यालाही घरी आई असेलच.

"लवकर कर," तो म्हणाला.

"आणि तिकडं तोंड कर की मेल्या! कशाला बघतोस?"

त्यानं पाठ फिरवली. गेनेरिस आत गेली, आणि जाताना मला म्हणाली, "जावईबापू, माझी होडी दाराला टेकवून आडोसा करा." मी केला.

आत काय झालं ते ग्रोनूनंच पुढं मला सांगितलं. मासे साफ करायच्या सुरीनं तिनं दोर कापले. मग अंगावरचा झगा काढून त्याच्या हातात दिला.

"घाल."

"काकी, मी बाईचा झगा घालू? लोक काय म्हणतील?"

"मंगळवारी लटकलास तर काहीच म्हणणार नाहीत. घाल."

झगा त्याला जेमतेम पोटरीपर्यंत आला. पोटऱ्या अस्वलासारख्या. तिनं त्यांना चिखल फासला. ती स्वतः आतल्या जाड सदऱ्यावर उरली. खोपीतून स्वयंपाकघरात जायला लाकडं नेण्याचं एक छोटं दार होतं, त्यातून ती निघून गेली. खुंटीवरचं एक फडकं कमरेला गुंडाळलं आणि गेल्या आठवड्यातल्या माशांच्या कुजक्या आतड्यांची बादली उचलली. आणि आडोशाला लावलेली होडी हळूच उठली, ग्रोनूच्या पाठीवर.

अंगणातलं भांडण आचाऱ्यानं जिंकलं. वॉरिन मोडक्या बोलीत आमच्यावर ओरडला की होड्या घेऊन चालते व्हा आणि उद्या सकाळी मासे आले नाहीत तर माणसांसकट जाळीन. आम्ही सहाजणांनी होड्या उचलल्या. सातवी आधीच चालत होती. दारात पुन्हा मोजणी झाली. सात होड्या. बारा उघडे पाय, एक झगा. शिपाई म्हणाला, "बाई दमली. पाय बघ, कसा टाकती." होडीखालून ग्रोनूनं बारीक आवाज काढून त्याला अशी शिवी दिली की मला घाम फुटला. शिपाई मात्र खूश झाला.

आमच्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दारातून एक बाई घाण बादली घेऊन निघाली. वासानं शिपायांनी नाकं दाबली आणि तिला शिव्या देत लांबूनच जाऊ दिलं.

खरी पंचाईत पुढं होती. ग्रोनू डोंगरातला गडी, आयुष्यात होडीत बसला नव्हता. पाण्याची त्याला फाशीपेक्षा जास्त भीती. त्याला तसंच होडीत बसवलं. त्यानं वल्हं मारलं आणि होडी भोवऱ्यासारखी गरगरा फिरायला लागली. तटावर शिपाई गोळा झाले. "म्हातारी प्यायलीय!" म्हणून ते पोट धरधरून हसत होते. आम्ही सहा होड्यांनी त्याला घेरलं आणि मेंढरू हाकावं तसा ढकलत ढकलत पलीकडे नेला. पलीकडचा काठ आमच्या राजपुत्राच्या मुलखात, तिथं वॉरिनचा हुकूम चालत नव्हता. ग्रोनू झग्यासकट चिखलात उतरला, गुडघ्यांवर बसला आणि ओकला. मग मान वर करून म्हणाला, "परत कुंपण तोडीन, तटावरून कडेलोट करून घेईन, पण होडीत बसणार नाही."

आम्ही परतलो तर गेनेरिस काठावर सदऱ्यात, फडकं गुंडाळून, थंडीनं काकडत उभी.

"हसताय काय? जाळी टाका," ती म्हणाली. "उद्या मासे द्यायचेत."

"आई, आता कशाला परत तिथं जायचं?"

"न जाऊन कसं चालेल? मासे नेले नाहीत तर आपण चोर. नेले तर आपण कोळी."

त्या दिवशी अंधार पडेस्तोवर आम्ही नदी उपसली. नऊ सॅमन लागले, त्यातला एक तर हुनिदच्या कमरेएवढा. शुक्रवारी सकाळी गेनेरिस ते घेऊन ऐटीत गढीत गेली. तिथं गदारोळ उडाला होता. ड्रोगोनं शपथेवर सांगितलं होतं की ग्रोनू त्याच्या डोळ्यांदेखत हरीण झाला, तट ओलांडला, नदी ओलांडली. बिचारा दुसरं काय सांगणार? एका बाईला पाठ करून उभा होतो, असं? दोन्ही पाद्र्यांनी मान डोलावली, सैतानाला असं येतं म्हणाले. वॉरिनलाही ते बरंच वाटलं. कोळणीनं फसवलं म्हणण्यापेक्षा सैतानानं फसवलं म्हणण्यात अब्रू राहते. ईस्टरपर्यंत ती गोष्ट भाटांच्या तोंडी गेली होती.

फक्त ऑस्बर्नला संशय होता. त्याचं एक फडकं हरवलं होतं. त्यानं मासे तोलून बघितले, गेनेरिसकडे रोखून बघितलं आणि म्हणाला, "मासा ताजा. तू बी लई ताजी." बस, एवढंच. होड्या जाळायची गोष्ट त्यानं पुन्हा कुणाला काढू दिली नाही.

त्यानंतर दर शुक्रवारी तो मासा निवडायला स्वतः नदीवर यायचा. खरं तर ते काम पोऱ्यालाही जमलं असतं. गेनेरिस त्याला बोली शिकवायची, आधी शिव्या आणि मग उरलेले शब्द. चार वर्षांनी राजपुत्रानं गढी घेतली. वॉरिन समुद्रापलीकडे गेला, कुरणावरचं कुंपण निघालं, ग्रोनू गावात येऊन पुन्हा गुरं राखायला लागला. ऑस्बर्न मात्र गेला नाही. एक दिवस भांडीकुंडी घेऊन गेनेरिसच्या दारात आला.

"मी इथं राहू?" त्यानं विचारलं.

"रांधता येतं?" तिनं विचारलं. तिचं वय तेव्हा त्रेपन्न.

लग्नात ग्रोनूनं नवरीची पाठराखण केली आणि हुनिद रडली. मी रडलो नाही असं म्हणतो, पण माझ्याकडे साक्षीदार नाही. दोघांनी पुढं एकोणीस वर्षं संसार केला. रश्श्यात लीक आधी टाकायचा की शेवटी, यावर रोज भांडण व्हायचं. तो म्हणायचा शेवटी, ती म्हणायची आधी. पलीकडच्या काठावरून लोक ओरडून आपलं मत कळवायचे. मग आतून दोघांचंही हसू ऐकू यायचं, आणि आम्ही समजायचो की रस्सा झालाय, वाडगे घेऊन निघायला हरकत नाही.