भावोजींच्या गाडीची थरथर

भावोजींना शेवटचं भेटले तेव्हा आधी दिसले ते त्यांचे पाय. बाकीचे भावोजी गाडीखाली. मी हाक मारली तर आतूनच म्हणाले, "शुभे, बरी आलीस. आता सापडलंय." त्याच आठवड्यात, शनिवारी सकाळी अक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन आला... तिचे यजमान, माझे हे मेहुणे, झोपेतच गेले होते.

भावोजी शाळेत भूगोल शिकवायचे. पण कुठल्याही गोष्टीला 'असं का?' विचारल्याशिवाय त्यांना जेवण जायचं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी वडिलांची जुनी गाडी उघडायला घेतली, ती मात्र अक्कासाठी. अक्काच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं. एसटीचे धक्के डॉक्टरांनी बंद केलेले, नव्या गाड्यांतून वाकून उतरणं जमेना. ह्या गाडीची सीट तेवढी खुर्चीसारखी उंच. आमची आई केळशीला अंथरुणाला खिळलेली. तिला नि अक्काला एकमेकींना भेटायचं तर हाच एक मार्ग उरला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे हत्यारं-यंत्रं पुजतात. भावोजींनी इंजिनाकडून मागच्या चाकांना फिरवणारा लांबलचक शाफ्ट सोडवला, पॉलिशपेपरने घासला, काळा रंग दिला, झेंडूचा हार घातला. नवरदेवच जणू. मग परत बसवला आणि अक्काला हातखंब्यापर्यंत फिरवून आणली. वेग वाढला तसा पायाखालचा पत्रा थरथरायला लागला. अक्काची पाठ अशी धरली की आठवडाभर ती आडवीच. पुन्हा ह्या गाडीत बसायची नाही, असं तिने सांगून टाकलं.

दुसऱ्या कुणीही कपाळाला हात लावला असता. हे मात्र खूश! चाकं तपासून घेतली, इंजिनाखालची रबरं बदलली, मेकॅनिकशी वाद घातले. थरथर जाईना नि ह्यांचं कुतूहलही. मला राग यायचा. आई तिकडे वाट बघत्येय नि तुमचं काय संशोधन चाललंय, असं मी तोंडावर म्हटलंसुद्धा. त्यांनी शांतपणे विचारलं, "पण सावकाश चालवताना ती का थरथरत नाही गो?"

त्या शेवटच्या भेटीच्या दिवशी गाडीखालून बाहेर येऊन त्यांनी शाफ्ट पडवीत आडवा ठेवला. दोन्ही टोकांना बेचक्या असतात, त्यात सांधे बसतात. एक बेचकी सरळ उभी, दुसरी जराशी कललेली. भावोजींनी समजावलं, सांधा तिरका फिरतो तेव्हा प्रत्येक फेऱ्यात जरा पुढे पळतो, जरा मागे राहतो. दुसऱ्याने तेवढंच उलट करून ते भरून काढायचं. त्यासाठी दोन्ही बेचक्या एका रेषेत हव्यात. शाफ्टचे दोन तुकडे दातेरी खाचांनी एकमेकांत सरकतात, ते कसेही बसतात. बरोबर बसायला मात्र त्यांच्यावर खुणा ठोकलेल्या असतात. त्यांनी नखाने रंग खरवडला. रंगाखाली, घासून पुसट झालेल्या, दोन खुणा निघाल्या. "पूजेच्या नादात मीच बुजवल्या," म्हणाले आणि पोट धरधरून हसले.

संध्याकाळी शाफ्ट नीट बसवून आम्ही दोघंच हातखंब्याला जाऊन आलो. गाडी तळ्यातल्या होडीसारखी गेली. परत येऊन त्यांनी अक्काला एवढंच सांगितलं की रविवारी केळशी. अक्काने पेटीतून आईसाठी घेतलेलं लुगडं काढून ठेवलं.

गेल्या आठवड्यात तीच म्हणाली, चल. गाडी मी चालवली. दाभोळला फेरीबोटीतून उतरलो, दापोली गेली, गाडीत कुठे हूं की चूं नाही. मी मनात भावोजींना शाबासकी देत होते. अक्का बाहेर बघत बसलेली. केळशीची खाडी दिसली तेव्हा ती म्हणाली,

"एवढी नीट कशाला करत बसले गो हे... एकदा जोर करून 'चल' म्हणाले असते, तर थरथरत्या गाडीतसुद्धा बसले असते मी."