मऊ तळाचा डबा

विचारात पडली की ती गाल फुगवायची. ओठ घट्ट मिटून तोंडात हवा भरायची आणि ती या गालातून त्या गालात फिरवत बसायची. बघणाऱ्याला वाटायचं, बाई रुसल्या वाटतं. आमच्या शिपाईमामांनी तर तिच्या पहिल्याच आठवड्यात मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मॅडम, त्या नव्या बाईंना कुनी काय बोललं का?" कुणी काही बोललेलं नसायचं. तिच्या डोक्यात गणित चालू असायचं.

सोलापुरातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, मेकॅनिकल विभागात, बरीच वर्षं मी एकटीच बाई होते. त्याचा एक मान असतो. समारंभात दिवा लावायला माझं नाव ठरलेलं असायचं, आणि वर्गातल्या मुली अडचण घेऊन माझ्याकडेच यायच्या. मग ही आली. मंद्रूपची. घरी शेरडं-मेंढरं, आणि ही घरातली पहिली एम.टेक. रोज एसटीनं यायची आणि आल्या आल्या कुणाशी तरी हसत सुटायची. महिनाभरात माझ्या मुली तिच्या टेबलाभोवती दिसायला लागल्या. शिपाईमामा चहा आधी तिच्यापुढे ठेवायला लागले. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय? ज्याचा चहा दुसरा यायला लागतो त्यालाच ते कळतं.

माझी पीएच.डी. तेव्हा रखडली होती. विषय सांगते, सोपा आहे. संगणकात एक चौकोनी डबा कल्पायचा, त्यात पाणी. वरचं झाकण कधी जोरात, कधी हळू सरकत राहतं, त्यामुळे आतलं पाणी गोल फिरतं. डब्याचा तळ मऊ, रबरासारखा. पाणी तळाला ढकलतं, तळ वाकतो, तो वाकला की पाण्याची वाट बदलते, आणि पाणी त्याला पुन्हा वेगळंच ढकलतं. पाणी आणि तळ यांची ही ओढाताण गणितानं मांडायची, एवढंच माझं काम.

तळ कडक ठेवला की माझा प्रोग्रॅम छान चालायचा. माझे गाइड पुण्याचे. ते आलेख बघायचे आणि म्हणायचे, "हा तळ वाकतच नाही, बाई. मऊ करा, मग या." मऊ केला की पडद्यावरचे आकडे भलतीकडेच पळायचे आणि सगळं बंद पडायचं. विद्यापीठानं दिलेली शेवटची मुदत जवळ येत होती. ती गेली असती तर डॉक्टर होणं कायमचं राहिलं असतं. आणि खरं सांगू? डॉक्टर होण्याइतकंच मला सरांच्या तोंडून एकदा 'वा' ऐकायचं होतं. त्यांनी ते मला कधीच म्हटलं नव्हतं.

मी डोकं धरून बसले की ही खुर्ची ओढत यायची. "पडलं? बरं झालं की!"

"बरं काय झालं त्यात?"

"चालतंय तवर काय कळतंय, मॅडम? पडल्यावरच कळतंय. बघू, कुटं पडलं?"

तिचेही प्रोग्रॅम पडायचे, माझ्याहून जास्त पडायचे. ती कडक भाकरी मोडून शेंगाचटणीबरोबर खात खात त्यांच्याकडे मजेनं बघायची. हुशार मीही आहे, तिथं मला कुणापुढे मान खाली घालावी लागत नाही. पण पडल्यावर असं हसणं मला जन्मात जमलेलं नाही, आणि तिला ते फुकट मिळालं होतं. त्याचाच माझा जळफळाट व्हायचा.

एकदा नव्या पेठेत आम्ही दोघी साड्या घ्यायला गेलो. मी दुकानदाराला अख्खं कपाट उलगडायला लावलं. तिनं पहिलीच हाताशी आलेली घेतली. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळे तिला विचारत होते, "कुठून घेतली हो?" माझी नवी साडी कुणाच्या लक्षातही आली नाही. मी ती पुन्हा फारशी नेसले नाही.

आणि मग तो दिवस. माझा प्रोग्रॅम पडला होता आणि ती शेजारी गाल फुगवून बसली होती. तिनं एक गाल बोटानं दाबला. दुसरा फुगला. मग दोन्ही हातांनी दोन्ही गाल दाबले, आणि ओठ उघडून फुर्रकन हवा बाहेर आली. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"मॅडम, तुमचा डबा सगळीकडनं बंद हाय?"

"डबा आहे तो. बंदच असणार."

"मग तळ वाकल्यावर पाणी जानार कुटं? पाणी काय दबत न्हाय. वर झाकणापाशी थोडी फट ठेवा की."

दोन्ही बाजूंना फट ठेवली. तळ लोण्यासारखा मऊ केला. तो वाकला, उठला, पुन्हा वाकला, आणि पडला नाही. ती टाळ्या वाजवत उठली. मलाही आनंद झाला, नाही असं नाही. पण त्याच्यामागून लगेच मनात आलं, हे मला का सुचलं नाही? प्रबंधात तिचे आभार मानते म्हटलं, तर म्हणाली, "माझं नाव कशाला? मी नुसती फट पाडली." एवढा उदारपणाही तिलाच परवडायचा. आभार मी मानलेच.

पुण्याला सरांनी आलेख बघितले. बराच वेळ बघितले. मी 'वा'ची वाट बघत होते. सर म्हणाले, "फटीचं कुणाला सुचलं?"

मी तिचं नाव सांगितलं.

"त्यांना म्हणावं, पीएच.डी. माझ्याकडे करा."

परतीच्या गाडीत मी सोलापूरपर्यंत धुमसत होते. निरोप मात्र दिला. तिनं क्षणभरही विचार केला नाही. "तुमचे सर हायत ते. मी कशाला मधी येऊ?" आणि थोड्याच दिवसांत बेंगळुरूला एका कंपनीत गेली. तिथं हृदयाच्या कप्प्यांतून रक्त कसं वाहतं ते संगणकावर बघतात. जाताना म्हणाली, "हृदय म्हंजे तरी काय, मॅडम, मऊ भिंतींचा डबाच की."

ती गेल्यावर मुली परत माझ्याकडे यायला लागल्या. चहाही आधी माझ्यापुढे यायला लागला. तो मला गोड लागेना.

व्हायवाच्या दिवशी सगळे प्रश्न संपले आणि सर सगळ्यांसमोर म्हणाले, "वा. उत्तम काम." एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते कानावर पडलं, आणि मी काय केलं असेल? मागच्या रांगेत तिला शोधलं. ती तिथं असणार नाही हे माहीत होतं. पण हे तिनं ऐकायला हवं होतं. एकदा, एकदाच तिला माझा हेवा वाटताना मला बघायचं होतं.

बाहेर येऊन पायरीवर बसले आणि तिला फोन लावला. सरांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ती तिकडे एवढ्या मोठ्यानं ओरडली की मी फोन कानापासून लांब धरला. "लई भारी, मॅडम! लई भारी!" तिच्या आवाजात कुठं काही खुपल्यासारखं, कुठं जरा अडखळल्यासारखं लागतंय का, ते मी नीट कान देऊन ऐकत होते. काहीही नव्हतं.

"परत सांगा की मॅडम, सर काय म्हनले?"

मी परत सांगितलं, आणि परत कान देऊन ऐकलं.