पेटुनियाची शेपटी

व्हर्ना स्टकीने इंडियानातल्या मक्याच्या शेतांमधून एकतीस वर्षं शाळेची बस हाकली. मागे कोण उभं राहिलंय हे तिला आरशात न बघताही कळायचं. निवृत्त झाल्यावर ती गावाबाहेरच्या छोट्या प्राणीसंग्रहालयात फुकट राबायला आली. तिथे सगळे सोडवून आणलेले वाघ-सिंह. त्यातली पेटुनिया सतरा वर्षांची वाघीण. एका दीडशहाण्याने पिल्लू असताना तिला गॅरेजात कोंडून लोकांबरोबर फोटोला बसवलं आणि मोठी झाल्यावर वाऱ्यावर सोडलं. पिंजऱ्यात घालून तिकीट लावायचं ते असल्या माणसाला, हे व्हर्नाचं मत. ऐकल्याशिवाय पाहुण्याची सुटका नसे.

मग कर्टिस संचालक झाला आणि त्याने पिंजऱ्यांजवळच्या फळ्यावर नियम लिहिला: पासष्टीपुढच्यांनी पिंजऱ्यांकडे फिरकायचं नाही. व्हर्ना अडुसष्टची. तिची रवानगी तिकिटाच्या खिडकीत.

पेटुनियाकडे परत जायला तिचा जीव तडफडत होता, पण हातापाया पडेल ती व्हर्ना कसली! प्रत्येक जनावराची खूण, म्हणजे कुठल्या हाकेला ते बसतं-उठतं, ती त्याच फळ्यावर लिहायची, म्हणजे ते कुणाचंही ऐकतं, अशी तिथली रीत. पेटुनियाला शिकवलं होतं व्हर्नानेच, पण तिची खूण तिने लिहिलीच नाही.

मंगळवारी डॉक्टरीण आली. पेटुनियाची मूत्रपिंडं तपासायची होती. वाघिणीने जाळीला टेकून बसायचं, फटीतून शेपटी बाहेर द्यायची, शेपटीतून रक्त काढायचं. कर्टिसने शिट्टी फुंकली, मांस नाचवलं. पेटुनियाने जांभई दिली.

"भूलच द्यावी लागेल," डॉक्टरीण म्हणाली. "या वयात उठेलच, असं सांगवत नाही."

कर्टिस धापा टाकत खिडकीशी आला. "स्टकीबाई, चला ना."

"मोठ्यांचं एक, की दोन?"

"चेष्टा पुरे! भुलीतून उठली नाही तर?"

व्हर्नाचा चेहरा पडला. जिरवायची होती याची, आणि जीव टांगणीला लागला पेटुनियाचा. तिने खिडकी धाडकन लावली आणि चालू पडली.

"ए मागच्या बाकावरची!" ती जाळीपाशी गरजली. "खाली बसतेस, का गाडी इथंच थांबवू?"

पेटुनिया धपकन बसली. फटीतून शेपटी बाहेर आली. आणि पहिली ते आठवी व्हर्नाच्याच गाडीने शाळेत गेलेला कर्टिसही मांसाच्या बादलीवर बसला.

डॉक्टरणीने हसू दाबत सुई टोचली.

"खूण लपवलीत तुम्ही," कर्टिस पँट झटकत उठला. "मेली असती ती."

"हो. चुकलं माझं." हे शब्द तिच्या तोंडून गावाने कधी ऐकले नव्हते. "आणि तुझा नियम?"

कर्टिसने मान खाजवली. मग फळ्यावरचा नियम बाहीनेच पुसला. व्हर्नाने खडू घेऊन तिथेच खूण लिहिली, गुरकावण्यासकट.

"आता तू म्हण."

"लोक बघतायत, बाई!"

"बघू देत."

कर्टिस ओरडला. पेटुनियाने फक्त एक कान हलवला.

"पोटातून," व्हर्ना म्हणाली. "पुन्हा."