लेकीच्या बाळाची गोधडी

१९९३ साली मी छप्पन्न वर्षांचा होतो. रोह्याला दिलेल्या लेकीची दोन बाळं पाळण्यातच गेली होती, आता तिसऱ्याचे दिवस भरत आले होते. इकडे पेणला बायको त्याच्यासाठी जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडत होती. मध्येच तिला अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, तोंडातून एकच शब्द निघे, "नाय."

मग सुई मीच धरली. शेजारीण दारातून म्हणाली, "काय भावोजी, मिठागर सोडून शिंपी झालात काय?" मी पुढचा टाका घातला.

हिरवा तुकडा दाखवला, बायको म्हणाली, "नाय." निळा, पिवळा, "नाय."

"मग कंचा गो? कसा वळखू मी?"

ती रडायला लागली. डावा हात पुढे आला आणि तिने माझ्या कमरेला गुंडाळलेला तांबडा रुमाल धरला. आधीच्या दोन्ही गोधड्यांत नुसती लुगडी होती. या बाळाला तरी आयुष्य लाभावं म्हणून तिला जगल्या-वाचल्या म्हाताऱ्याच्या अंगावरचं कापड हवं होतं.

पण बाप्याचा रुमाल चिंध्यांत घालायचा? "नाय," मी म्हणालो आणि सोडवून घेतला. तिने भिंतीकडे तोंड केलं, पेजही घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासमोर बसून मी तो रुमाल फाडला.