बुटातली वाळू

मी घरी बसून सगळ्यांवर खेकसतो म्हणून मुलाने रेवदंड्याच्या सकाळी चालणाऱ्यांच्या मंडळात माझं नाव घातलं. मंडळी किनाऱ्याने भरभर चालायची. माझा गुडघा दुखायचा, पण थांबा म्हणणाऱ्यांतला मी नाही. त्यापेक्षा मंडळ सोडलं असतं.

एक टकला गृहस्थ माझ्याबरोबर मागे राहायचा. नाव मी विचारलं नाही. थोडं चाललं की तो खाली बसून बुटातली वाळू झटकायचा. त्याला सोबत म्हणून मीही टेकायचो.

शेवटी म्हटलं, "वाळूत बूट कशाला घालता हो? आमच्यासारखं अनवाणी या."

"येतो की. मग तुम्ही बसाल कसे, काका?"

दुसऱ्या दिवशी तो अनवाणी आला.

थोडं चाललो आणि म्हटलं, "बसा जरा. गुडघा दुखतोय माझा."

तो बसला. बाकीचे पुढं गेले. जाऊ देत.