वाफसा

आज सकाळी नात गॅलरीतल्या कुंडीतली माती मुठीत दाबून बघत होती. परवा तिनं नोकरी सोडली, त्यावर मी नको ते बोलले. तेव्हापासून तिचा माझ्याशी अबोला. तिची ती मूठ पाहिली आणि मी थेट सासरच्या वावरात जाऊन उभी राहिले.

तेव्हा मी नवी सून, मॅट्रिक पास. शेतीचे शब्द वहीत अर्थासकट उतरवायची. ‘वाफसा म्हणजे जमिनीतली ओल’ असं लिहिलं आणि त्या विद्येच्या जोरावर पाऊस थांबताच मेथी पेरायला बसले. सासूबाई बांधावरून म्हणाल्या, “पोरी, वहीतलं वाळलं असेल, वावरातलं नाही.” मेथी उगवली नाही, ढेकळं मात्र झकास आली.

मग त्यांनी मूठभर माती दाबायला लावली. खाली सोडलेला गोळा फुटला, की वाफसा आला. ओल असतेच, तिच्यातून वारा खेळेपर्यंत थांबायचं. मी रुसले की नवऱ्यालाही सांगायच्या, “थांब रे, अजून वाफसा नाही.” मला राग यायचा. मी काय जमीन आहे? आता वाटतं, होते की.

दोन दिवस मी नातीची समजूत घालत होते, म्हणजे पुन्हा चिखलातच पेरत होते. आज गप्प बसले. तिनं गोळा सोडला, तो कुंडीत पडून फुटला.

मागे न बघता ती म्हणाली, “आजी, मेथी किती खोल पेरतात गं?”

“मला नको विचारूस,” मी म्हटलं, “माझी उगवली नव्हती.”